कोजागिरी आपल्या मुलांची: विशेष गरजा असलेल्या किशोरवयीनांसाठी सणाची पार्टी कशी आखावी

श्रावण संपता संपता मुंबईत जो आवाज सुरू होतो, तो दिवाळी उलटल्याशिवाय थांबत नाही. दहीहंडीचे डीजे, गणपतीचे ढोल-ताशे, नवरात्रातला गरबा आणि शेवटी फटाके. ज्या घरात ऑटिझम असलेलं मूल आहे, त्या घरातले लोक या दिवसांत खिडक्या लावून बसतात. सण सगळ्या बिल्डिंगचा, पण ते घर त्यात नाही. या गदारोळाच्या बरोबर मधोमध, दसऱ्यानंतर पाच दिवसांनी आणि दिवाळीच्या पंधरवडाभर आधी, कोजागिरी येते. दूध, चांदणं, गाणी आणि गप्पा, एवढाच तिचा पसारा. ना मिरवणूक, ना फटाके. आपल्या मुलांसाठी पार्टी करायची तर मी हाच सण निवडते, आणि तुम्हालाही तोच सुचवते.

‘आपली मुलं’ म्हणजे ऑटिझम, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेली तेरा ते एकोणीस वर्षांची मुलंमुली. शाळेत असेपर्यंत त्यांचे सण शाळा साजरे करते. शिवडीची जय वकील शाळा तर १९४४ पासून चालू आहे. पण संध्याकाळी सातनंतर, आपल्याच वयाच्या चार जणांबरोबर, घराबाहेर काही करायची संधी या मुलांना क्वचित मिळते. खाली लिहिलंय ते साधारण दहा-बारा मुलांच्या पार्टीसाठी. पहिल्यांदाच करत असाल तर सहा-आठ मुलंही पुष्कळ झाली. चाळीस मुलांचा ‘मेळावा’ करू नका. तो आयोजकांच्या फोटोंसाठी असतो.

आधी पाहुणे, मग कार्यक्रम

बहुतेक जण इथे उलटं करतात. आधी गाणी, खेळ, बक्षिसं ठरतात आणि मग मुलांना त्यात बसवलं जातं. तुम्ही महिनाभर आधी प्रत्येक घरी फोन करा. गूगल फॉर्म पाठवलात तर ‘इतर काही’च्या रकान्यात कुणी काही लिहीत नाही, फोनवर मात्र आई पंधरा मिनिटांत सगळं सांगते. आजाराचं नाव विचारून फारसं काही हाती लागत नाही. कामाचे प्रश्न वेगळे असतात:

- कशाचं वेड आहे? आणि कशाने त्रास होतो: आवाज, वास, गर्दी, अंगाला हात लावणं, कुत्री?
- वैतागायला लागला की आधी काय दिसतं? कान झाकतो, येरझारा घालतो, हात चावतो? आणि मग कशाने शांत होतो?
- ‘हो’, ‘नको’ आणि ‘बाथरूमला जायचंय’ हे कसं सांगते?
- गिळायला त्रास आहे का? पथ्य, ॲलर्जी, औषधाच्या वेळा?
- फिट येतात का? शेवटची कधी आली, कशी दिसते, आणि डॉक्टरांनी तातडीचं औषध दिलंय का?
- बाथरूमला किती मदत लागते आणि ती कुणाची चालते?
- हात सोडून पळून जायची सवय आहे का?

उत्तरं एका वहीत, प्रत्येकासाठी एक पान अशी लिहा. ही वही व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरता कामा नये. ती एकाच माणसाकडे राहू दे.

मग मुलांशी बोला. बोलता न येणाऱ्यांशीसुद्धा. दोन फोटो समोर धरा: गच्ची की हॉल? भेळ की इडली? बोट दाखवलं, नजर वळली, कागद ओढून घेतला, हे सगळं उत्तरच आहे. वय सोळा आणि ओठांवर मिसरूड फुटलेली, अशा मुलाला आपण छोटा भीमचे फुगे लावून ‘कोण गं माझं शहाणं बाळ’ म्हणतो. त्याला ते कळतं. इतर किशोरवयीन मुलांना जे आवडतं तेच यांनाही आवडतं: रीमिक्स, लायटिंग, चमचमीत खाणं, मोठ्यांनी जरा लांब राहणं, आणि कुणीतरी आवडणं.

थीम म्हणून ‘चांदणं’ ठेवलंत तर बरंच काही आपोआप ठरतं. पांढरे-निळे कपडे, पांढरी लायटिंग, कागदाच्या चांदण्या. पण निमंत्रणावर ‘जमलं तर’ हे शब्द न विसरता घाला. ज्याला जरीचा कुडता टोचतो, तो आपल्या नेहमीच्या धुऊन मऊ झालेल्या टी-शर्टमध्ये आला तर त्यानेही थीम पाळली असं समजा.

तारीख ठरवताना चंद्राकडे बघा

कोजागिरी आठवड्याच्या मधल्या वारी आली तर पार्टी शनिवारी करावी लागते. कुठला शनिवार? पौर्णिमेच्या आधीचा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर रोज साधारण पाऊण तास उशीर करतो. नंतरचा शनिवार धरलात तर समोरच्या टॉवरमागून चंद्र वर येईपर्यंत मुलांची घरी जायची वेळ होईल. दोन-चार दिवस आधीचा चंद्र थोडा अपुरा असतो, पण अंधार पडताना तो आकाशात वर आलेला असतो. मुलांना ‘बघ, चंद्र’ म्हणून दाखवायला समोर चंद्र हवा, पंचांग नव्हे.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मुंबईत सहा-सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सहा ते साडेआठ ही वेळ धरा. मध्यरात्रीपर्यंत जागायची प्रथा इथे बाजूला ठेवा. जागरण हे फिट येण्याचं एक ओळखीचं कारण आहे, आणि झोपेची घडी विस्कटली की पुढचे चार दिवस सगळं घर भोगतं. रविवार टाळायचं कारण मुंबईकरांना सांगायला नको: मेगाब्लॉक. शाळांच्या सहामाही परीक्षांच्या तारखाही बघून घ्या. आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधी गाठेल याचा नेम नाही, त्यामुळे छप्पर असलेली दुसरी जागा आधीच हाताशी ठेवा.

जागा: गच्ची सुंदर, पण…

कोजागिरी म्हटलं की गच्ची डोळ्यासमोर येते. पण दादर, गिरगाव, पार्ल्याच्या जुन्या इमारतींत लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते आणि गच्चीसाठी वर एक जिना उरतो. व्हीलचेअरवरच्या मुलाला चौघांनी उचलून वर नेणं हा उपाय नाही. त्याला तो अपमान वाटतो, आणि उतरताना ते धोक्याचंही असतं. पाहुण्यांत एक जरी व्हीलचेअर असेल तर पोडियम, कंपाउंड किंवा तळमजल्याचा हॉल निवडा. चंद्र तिथूनही दिसतो.

गच्चीच हवी असेल तर दिवसा एकदा आणि अंधारात एकदा, अशी दोनदा बघून या. कठडा छातीएवढा आहे का, त्याला लागून चढण्याजोगं काही आहे का, पाण्याच्या टाकीची शिडी उघडी आहे का, पायांत येणाऱ्या केबली कुठे आहेत. पळणारं किंवा चढणारं मूल असेल तर गच्चीचा विषय तिथेच संपवा; कितीही स्वयंसेवक असले तरी.

टेप घेऊन दारं मोजा. व्हीलचेअरला जायला साधारण ९० सेंटिमीटर रुंद दार हवं आणि वळायला दीड मीटरचं मोकळं वर्तुळ. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे कंपाउंडची एक पायरी सहा इंच उंच असेल तर फळी सहा फुटी लागते. दोन फुटांची फळी टेकवून ‘रॅम्प आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

बाथरूम कार्यक्रमाच्या जागेपासून मिनिटभराच्या अंतरावर हवं, कमोड हवा आणि फरशी कोरडी हवी. मोठ्या मुलाचं डायपर बदलायचं असेल तर आडवं होण्याइतका पलंग लागतो. त्यासाठी शेजारच्या कुणाचं तरी घर आधी मागून ठेवा. आमच्याकडच्या एका आजींनी आपली आतली खोली दिली आणि वर ‘चादर नवी घातलीय हो’ असंही सांगितलं. असं एक घर प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतं, फक्त विचारावं लागतं.

राहिली सगळ्यात महत्त्वाची जागा: शांत खोली. सोसायटीचं ऑफिस चालेल, तळमजल्यावरचं एखादं घर चालेल. मंद दिवा, पंखा, गादी, दोन उशा, जडशी गोधडी, पाण्याची बाटली. मोबाइलवर गाणी लावू नका आणि गप्पाही मारू नका. या खोलीत एक माणूस पूर्ण वेळ बसलेला हवा. आल्या आल्या प्रत्येक मुलाला ती दाखवायची आणि सांगायचं, कंटाळा आला, त्रास झाला तर इथे यायचं, विचारावं लागत नाही. बाजूला होता येतं हे एकदा कळलं की बरीच मुलं बाजूला होतच नाहीत.

सेक्रेटरी, शेजारी, वॉचमन

सोसायटीला लेखी पत्र द्या आणि वेळ स्पष्ट लिहा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. आपलं तर साडेआठलाच आटोपणार आहे आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरच्या वर काही लागणार नाही. शेजाऱ्यांना दोन ओळींचा मेसेज पाठवा: काही मुलं मोठ्याने ओरडतील, काही टाळ्या वाजवत फिरतील, त्यांचं बरं चाललेलं असेल. ‘बिचारी मुलं’ हा शब्द मेसेजमध्ये येऊ देऊ नका.

वॉचमनशी स्वतः बोला. पळण्याची सवय असलेल्या मुलाचा फोटो पार्टीपुरता त्याच्या मोबाइलवर द्या आणि सांगा, हा हाकेला ओ देणार नाही, गेट बंद ठेवा आणि फोन करा. पार्टी संपली की तो फोटो त्याच्यासमोरच डिलीट करा.

आठवडाभर आधी: फोटोंची गोष्ट

नवी जागा, नवी माणसं, नवा वास. कित्येक मुलांना त्रास पार्टीचा होत नाही, पुढे काय होणार हे माहीत नसल्याचा होतो. म्हणून मोबाइलवर आठ-दहा फोटो काढा: बिल्डिंगचं गेट, लिफ्ट, कार्यक्रमाची जागा, दुधाचं पातेलं, शांत खोली, भेटणाऱ्या दोन-तीन स्वयंसेवकांचे चेहरे. प्रत्येकाखाली एक साधं वाक्य. ‘शनिवारी आपण इथे जाणार.’ ‘इथे गाणी असतील. आवाज नको वाटला तर कानांवर हेडफोन लावायचे.’ ‘मग रिक्षाने घरी.’ घरचे रोज रात्री ते दाखवतील.

हेच फोटो मोठे छापून त्या संध्याकाळचा तक्ता करा आणि झालं की एकेक फोटो उलटा करा. आमच्यातल्या एका मुलाला लोकलमधल्या घोषणा तोंडपाठ आहेत. तक्त्याचं काम त्याच्याकडेच असतं. तो अगदी त्याच सुरात ‘पुढील स्टेशन… दूध’ म्हणतो आणि सगळे बरोबर दुधाकडे वळतात. निवेदक म्हणून कुणाला मानधन देऊन आणलं असतं तरी इतकं चोख काम झालं नसतं.

बोलण्याऐवजी चित्रं किंवा ॲप वापरणारी मुलं असतील तर ती साधनं आणायला घरच्यांना आठवण करा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे, मराठीतही चालतं. स्वयंसेवकांनी आधी एकदा उघडून बघावं. ते नसेल तर पुठ्ठ्यावर पाच चित्रं चिकटवली तरी भागतं: दूध, अजून, बास, बाथरूम, घरी. यातलं ‘बास’ आणि ‘घरी’ विसरू नका. सगळे ‘हवं’ची चित्रं करतात, ‘नको’ची कुणी करत नाही.

सजावट थोडकीच

दिवाळी तोंडावर असल्याने कंदील तयारच असतात. माहीमच्या कंदील गल्लीत किंवा दादरला साधे पांढरे कागदी मिळतात. एलईडीच्या माळा लावाल तेव्हा बटण दाबून स्थिर प्रकाशावर आणा आणि बटणावर चिकटपट्टी मारा, नाहीतर कुणीतरी हौसेने लुकलुक सुरू करतंच. लुकलुकणाऱ्या दिव्यांनी काही मुलांना फिट येऊ शकते. फुगे नकोत, कारण फुटायच्या भीतीनेच अर्धी मुलं आत येत नाहीत. धूप-उदबत्ती नको, रूम फ्रेशनर तर नकोच. रांगोळी कडेला काढा. मधोमध काढली तर वॉकर घसरतो.

चांदण्या कापून ठेवा, पण लावू नका. त्या मुलांनीच येऊन लावायच्या आहेत.

संध्याकाळ कशी जाते

पहिला अर्धा तास कार्यक्रम ठेवू नका. सगळे एकदम येत नाहीत, आणि आल्याबरोबर गोलात बसवलेलं मूल उठून पळतं. दारात एक जण उभा राहील, हातात तीन चित्रं: नमस्कार, टाळी, नुसतं हात हलवणं. ज्याने जे निवडलं ते. मिठी या यादीत मुद्दाम नाही. आपल्या मुलांना लहानपणापासून कुणीही गाल ओढतं, कुणीही जवळ घेतं. पंधराव्या वर्षी ‘माझ्या अंगाला हात लावायचा की नाही हे मी ठरवणार’ हे शिकायची संधी त्यांना मिळायला हवी. आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय बिलगायचं नाही, हेही.

चांदण्या लावून झाल्या की भोंडला. तो नवरात्रातला असला तरी विदर्भ-खानदेशातली भुलाबाई कोजागिरीपर्यंत चालते, तेव्हा मनात किंतु नको. मुलग्यांनाही घ्या. पाटावर तांदळाचा हत्ती काढायचा. हे काम ज्यांना बोटांत तांदूळ फिरवायला आवडतं त्यांचं, आणि अशी मुलं आपल्यात भरपूर. मग त्याभोवती गोल. भोंडल्याची चाल या मुलांसाठीच बनवलीय की काय असं मला दर वेळी वाटतं: एकच ठेका, एकच ओळ पुन्हा पुन्हा, पुढे काय येणार ते ठाऊक, चुकलं तरी कुणाला कळत नाही. हात धरायला नको वाटतं त्यांच्यासाठी एक लांब ओढणी किंवा दोर घ्या. सगळ्यांनी तिलाच धरायचं. व्हीलचेअर गोलातच असेल, गोलाबाहेर टाळ्या वाजवत नाही. चार गाणी पुरेत.

फुगडी मात्र नीट विचार करून. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो. हिसका बसेल असा खेळ डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. गरगर फिरण्यात काहींना सुख वाटतं, काहींना लगेच उलटी होते. बसून, ओढणी दोघांनी धरून मागेपुढे झुललं तरी फुगडीची मजा येते.

खरी रंगत खिरापतीत. डबा हलवून ‘ओळखा काय आहे’ हे आपण लहानपणी केलंय. इथे त्याच्या तीन पायऱ्या करा. आधी डबा कानाशी हलवून आवाज ऐकायचा. मग झाकण किलकिलं करून वास घ्यायचा. तरी कळलं नाही तर चार चित्रांतून एक निवडायचं. बोलणारे आणि न बोलणारे इथे एका पातळीवर येतात. नाकाच्या जोरावर जिंकणारी एक मुलगी आमच्याकडे आहे. ती एक शब्द बोलत नाही, डबा नाकाशी नेते, डोळे मिटते आणि खोबऱ्याच्या वडीच्या चित्रावर असं बोट आपटते की पुठ्ठा वाकतो. बोलक्या मुलांचे अंदाज तोवर चिवड्यावरच अडलेले असतात. एकच विजेता काढू नका, ओळखेल त्याने वाटायचं.

आश्विन पौर्णिमेला घरातल्या थोरल्या मुलाला ओवाळायची पद्धत आहे. ते करायचं असेल तर निरांजन लांब धरा, ओढणी-केस सांभाळा, आणि ज्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट नको वाटतं त्याच्या हातावर तांदूळ ठेवा. थोरला-धाकटा न बघता सगळ्यांनाच ओवाळलं तर उत्तम. आणि आल्याच असतील तर बहिणी-भावांनाही. त्यांच्या वाट्याला असे प्रसंग कमी येतात.

नाच शेवटी, दहा-पंधरा मिनिटं, त्यांच्या आवडीच्या गाण्यांवर. आवाज एवढाच की बाजूच्याशी ओरडून बोलावं लागू नये.

दूध आणि बाकीचं खाणं

बारा मुलं, बारा पालक, सात-आठ स्वयंसेवक म्हणजे बत्तीसेक माणसं. प्रत्येकी सव्वाशे मिली धरलं तर चार लिटर तयार दूध लागतं, म्हणजे पाच लिटर फुल क्रीम आटवायचं. साखर चारशे ग्रॅम. वेलची, केशर, जायफळ किंचित. बदाम-पिस्त्यांचे काप घालायचा मोह आवरा. दुधातून अचानक दाताखाली आलेला तुकडा घशात अडकतो, आणि काही मुलं त्या एका तुकड्यापायी अख्खा पेला नाकारतात. बदाम घालायचेच तर भिजवून, गुळगुळीत वाटून, गाळून. आणि एखाद्याला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर सगळ्यांचंच दूध बिनबदामाचं करा.

दूध आटवायचं घरातल्या गॅसवर, मोठ्यांनी. कार्यक्रमाच्या जागी ते कोमट होऊनच यायला हवं. तिथे पळीने पेले भरायचं काम मुलांचं. पेले अर्धे भरू दे, सांडू दे. खाली जुनं बेडशीट अंथरा आणि पळी हातातून काढून घेऊ नका. आधी पातेल्यात चंद्र दिसतो का हे सगळ्यांनी वाकून बघायचं. त्यासाठी मिनिटभर दिवे मालवणार असाल तर तसं आधी सांगा.

साखर घालण्यापूर्वी बिनसाखरेचं थोडं बाजूला काढा. दूध न चालणाऱ्यांसाठी नारळाच्या दुधात गूळ-वेलची. त्याचा पेला वेगळ्या रंगाचा, पण वाटायचा सगळ्यांबरोबरच. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काहींना पातळ पदार्थ पिताना ठसका लागतो आणि ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्यांच्या स्पीच थेरपिस्टने घट्ट द्या असं सांगितलं असेल तर त्याच दुधातून वाटीभर बासुंदीइतकं दाट आटवून चमच्याने द्या. स्ट्रॉ सगळ्यांना सोयीची असते असं समजू नका; घरून आणलेला पेला सगळ्यात बरा. स्टीलचे पेले तापतात, कागदी कप मुठीत चुरगळतात. कानाचे मग असतील तर तेच काढा.

खायला मऊ इडल्या, ढोकळा, बटाट्याची भाजी-पुरी. भेळ आणि चिवडा कोजागिरीचं खरं खाणं, पण कुरमुरे आणि शेंगदाणे काही मुलांच्या घशात अडकतात. वहीतलं पान बघून ज्यांना चालतं त्यांना वेगळ्या टेबलावर. पदार्थ एकमेकांना लागू न देता खणांच्या ताटलीत वाढा. आणि खाणं उघडं मांडून ठेवू नका. प्रेडर-विली सिंड्रोमसारख्या काही स्थितींत भूक शमतच नाही. समोर ढीग आणि वरून ‘आता पुरे’ ही त्या मुलाची परवड आहे. ‘घरचंच खाणार’ म्हणणाऱ्याचा डबा बिनतक्रार ताटात घ्या.

बिस्किटं-केक बाहेरून आणणार असाल तर जिथे आपल्यासारखीच मोठी झालेली मुलं काम करतात तिथून घ्या. जुहूचं कॅफे अर्पण त्यांपैकी एक. पुढे काय, हा प्रश्न मनात घेऊन आलेल्या पालकांना त्या खोक्यावरचं नाव वाचायला मिळतं.

स्वयंसेवकांना काय सांगायचं

कॉलेजची एनएसएसची मुलं उत्तम. उत्साह असतो, वयही जवळचं. आदल्या दिवशी अर्धा तास त्यांच्याबरोबर बसा. प्रश्न मुलाला विचारायचा, त्याच्या आईला नाही. विचारल्यावर मनात दहा अंक मोजायचे. उत्तर यायला वेळ लागतो आणि मध्येच पुन्हा विचारलं की गाडी पहिल्यापासून सुरू होते. व्हीलचेअर न विचारता ढकलायची नाही. प्रत्येक गोष्टीला ‘व्वा, शाब्बास’ नको. डोळ्यात डोळे घालायचा आग्रह नको. सेल्फी अजिबात नाही: फोटो एकच जण काढेल, ज्यांच्या घरून आणि ज्यांच्याकडून स्वतःहून होकार आहे त्यांचेच, आणि ते इन्स्टाग्रामवर जाणार नाहीत.

कामं वाटून द्या: दार, शांत खोली, दूध, बाथरूमची वाट, आणि दोन माणसं कुठलंच काम नसलेली. ती दोन सगळ्यात जास्त लागतात. मुलींच्या मदतीला बाईच, आणि तिच्या पिशवीत सॅनिटरी पॅड, जादा कपडे, वाइप्स. कुणाला कुणी आवडलं, कुणी कुणाच्या शेजारीच बसायचा हट्ट धरला तर हसू नका, चिडवूही नका. चारचौघांत नको ते वागणं झालं तर शांतपणे ‘हे एकट्याने, खोलीत’ एवढंच सांगून विषय बदला.

पालकांना थोडं लांब खुर्च्या टाकून बसवा आणि त्यांच्या हातात पहिला पेला द्या. ते दर दोन मिनिटांनी उठतील. उठू दे.

बिनसलं तर

मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, हा हट्ट नव्हे. त्या क्षणी समजावणं, दटावणं, आमिष दाखवणं यांपैकी काहीही आत पोचत नाही. गाणं बंद, आजूबाजूची माणसं दूर, ओळखीचा एकच माणूस जवळ, तोही कमीत कमी बोलणारा. लागेल असं काही असेल तर ते हलवा, मुलाला हलवायची घाई नको. शांत झाल्यावर ‘काय झालं होतं तुला?’ हेही नको, पाणी द्या.

फिट आली तर घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याजवळचं सैल करा, थांबल्यावर कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि कांदा-चप्पल हुंगवायला धावणारे एक काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात, त्यांना प्रेमाने अडवा. पाच मिनिटांच्या वर चालली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, इजा झाली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो कुणाच्या पिशवीत आहे हे पार्टीआधीच माहीत हवं.

मूल दिसेनासं झालं तर शोधायच्या आधी गेट आणि पाण्याच्या टाक्या. या दोन ठिकाणी दोन माणसं धावली की बाकीच्यांनी आवाज न करता खोल्या बघायच्या.

निघताना

संपणं हा सगळ्यात नाजूक भाग. दिवे भसकन लावून ‘चला, झालं’ म्हणू नका. दहा मिनिटं उरली, मग पाच, असं तक्त्यावर दाखवा आणि शेवटचं गाणं दर वर्षी एकच ठेवा. प्रत्येकाने स्वतः लावलेली चांदणी काढून घरी न्यायची. तिच्यामागे नाव लिहिलेलं असलं की भांडण होत नाही. रिटर्न गिफ्टच्या प्लास्टिकवर पैसे घालू नका.

गाड्या एकदम बोलावल्या की गेटवर कोंडी होते, म्हणून पाच-पाच मिनिटांच्या फरकाने निघा. पार्टी दादर-परळला आणि मुलं उपनगरांतली असतील तर लक्षात ठेवा, रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे शहरात येत नाही. टॅक्सी आधी सांगून ठेवा. गर्दीतल्या लोकलने रात्री परतायची वेळ शक्यतो कुणावर येऊ नये, दिव्यांगांचा डबा असला तरी.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन करा: रात्री झोप कशी लागली, आज सकाळी कशाबद्दल बोलली किंवा कुठला फोटो पुन्हा उघडला, काय नकोसं झालं. उत्तरं त्याच वहीत, त्याच पानावर लिहा; संक्रांतीचं तिळगूळ ठरवताना निम्मं काम झालेलं असेल. शांत खोलीत कोण किती वेळ बसलं होतं तेही लिहून ठेवा. एखादा पूर्ण दोन तास तिथेच बसला असेल आणि घरी जाऊन चांदणी खिडकीला लावली असेल, तर त्याला पुढच्या वेळी नक्की बोलवा.